भाऊजींचा बंब

आमच्या भाऊजींचं प्रथम दर्शन मला घडलं ते मागल्या बाजूने. पाठ, कंबर आणि बुटांचे दोन तळवे. बाकीचे भाऊजी आमच्या सोफ्याखाली होते.

ताईने त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा घरी आणलं होतं. लग्न दोघांनी ठरवूनच टाकलं होतं, आम्हांला फक्त कळवायचं बाकी होतं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आईने कधीच न वापरायचे कप काढले होते, आणि मी नुकत्याच फुटलेल्या मिशीला शोभेल असा चेहरा करून आतल्या खोलीतून बाहेर येत होतो. पाऊल उंबऱ्याबाहेर पडतं न पडतं तोच सोफ्याखालून आरोळी आली,

"हलू नका!"

आम्ही हललो नाही. कुणाची बिशाद होती! बाबांचा कप ओठांपासून वीतभर अंतरावर थांबला. आई एका पायावर होती, ती एकाच पायावर राहिली. मी शपथेवर सांगतो, आम्ही इतका काळ तसे उभे होतो की बाबांच्या चहावर आधी साय धरली, मग सायीला सुरकुत्या पडल्या आणि त्या बघून बाबांच्या कपाळाला पडल्या. बाहेर ऋतू पालटला. माझी मिशी भरली. शेजारचं रांगणारं बाळ दप्तर घेऊन शाळेत जायला लागलं. बाबांच्या नाकावर एक माशी येऊन बसली होती. तिनेही ती आरोळी ऐकली असावी, कारण तीसुद्धा हलली नाही.

"काय हरवलंय?" बाबांनी ओठ न हलवता विचारलं.

"डावा हात," सोफ्याखालून उत्तर आलं.

आई मटकन खालीच बसायची, पण हलायचं नव्हतं.

"वैमानिकाचा हो, बाबा," ताई म्हणाली. "विमानाचं मॉडेल करताहेत ना, त्यातल्या वैमानिकाचा. खिशात होता, रुमाल काढताना पडला."

तो हात मोहरीच्या निम्म्याने होता. तो त्या दिवशी सापडला नाही, आणि आजतागायत सापडलेला नाही. आई अजूनही केर काढताना काही बारीकसं दिसलं की चिमटीत धरून उजेडात बघते. ताईचं लग्न मात्र झालं, कारण बाबांचं म्हणणं पडलं की जो माणूस एवढ्याशा वस्तूसाठी एवढा जीव टाकतो तो आमच्या मुलीला सहजासहजी हरवणार नाही.

भाऊजी लिफ्टचे मिस्त्री. शहरातल्या निम्म्या लिफ्ट त्यांच्या देखरेखीखाली आहेत आणि उरलेल्या निम्म्यांमध्ये ते पाय ठेवत नाहीत. सडसडीत अंग, सतत काहीतरी चाचपणारी बोटं, आणि बसले तरी टाचा वरखाली चालूच. घरी आलेल्या पाहुण्याला वाटतं की यांना कुठेतरी जायचंय. त्यांना कुठेही जायचं नसतं. ते जेवतानासुद्धा खुर्चीच्या पायाखाली कागदाची घडी घालतात, मग दुसऱ्या पायाखाली, मग पहिल्याखालची काढतात. लिफ्टमध्ये शिरले की दाराशी वाकून लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी यांच्यातला फरक बोटाने पाहणार. फरक केसाएवढा असला तरी चेहरा असा करणार की तिथे खाली कुणीतरी पडलंय.

"चालतेय ना लिफ्ट?" लोक म्हणतात.

"चालतेय. पण बरोबर नाहीये," भाऊजी म्हणतात, आणि पुन्हा पाना काढतात.

या स्वभावामुळे त्यांच्या इमारतींतले लोक त्यांच्यावर जीव ओवाळून टाकतात. भाऊजींचं तत्त्वच आहे. ते म्हणतात, "लिफ्टचं काम संपत नसतं. संपलं असं जो मिस्त्री म्हणतो त्याच्या लिफ्टमध्ये म्हाताऱ्या माणसाला बसवू नये."

लिफ्टच्या बाबतीत हे सोळा आणे खरं आहे. घोटाळा असा झाला की हेच तत्त्व ते मॉडेलांना लावत आले.

ताईच्या घरी मागे एक खोली आहे. चांगली उजेडाची, मोठ्या खिडकीची. त्या खोलीत भाऊजींची मॉडेलं राहतात. राहतात म्हणजे अडकून पडली आहेत. एका पंखाचं विमान. धुरांड्याची वाट पाहणारं जहाज. एकाच बाजूला पट्टा असलेला रणगाडा, जो खऱ्या लढाईत नुसता गोल गोल फिरला असता. एक आगगाडीचं इंजिन, ज्याला भाऊजींनी आधी काळा रंग दिला, मग खरवडला, मग दिला, मग गंजलेलं दिसावं म्हणून तपकिरी फासला, मग गंज जरा जास्त वाटला म्हणून पुसला. ते इंजिन आता वजनाने निम्मं राहिलं आहे. आणि आमचा तो डावा हात नसलेला वैमानिक. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या खोलीतून एकही वस्तू पुरी होऊन बाहेर आलेली नाही.

आणि ताई? ताई शिवणकाम करते. कपडे मापाचे करून देणं, पडदे, गाऊन, कोट उसवून पुन्हा बेतणं. तिचं मशीन झोपायच्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्या मधल्या फटीत आहे. ती शिवायला बसली की कपाट उघडत नाही, आणि कपाट उघडायचं तर तिला पलंगावर चढावं लागतं. गिऱ्हाइकाचं माप स्वयंपाकघरात घ्यायचं. एकदा एका बाईंच्या गाऊनची उंची मोजताना मागे कुकरची शिट्टी झाली आणि बाई दचकून बसल्या त्या टाचण्यांवर. त्या परत आल्या नाहीत. घरात पिठाची चाळणी वेगळी आणि केराची चाळणी वेगळी आहे, कारण मागल्या खोलीतला केर चाळल्याशिवाय टाकता येत नाही. एकदा पाहुण्या मावशींनी चाळण्यांची अदलाबदल केली, त्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही. त्या पोळ्या मी खाल्ल्या होत्या.

तर यंदा ताईने शेवटचं सांगून टाकलं. मी समोर होतो.

"अहो, ऐका. दरवर्षी तुम्ही त्या मॉडेलांच्या प्रदर्शनाला जाता. बॅटरी घेऊन जाता, लोकांच्या चुका काढता, आणि घरी येऊन आठवडाभर त्या मला सांगता. यंदा आपलं काहीतरी ठेवा. एक. एक पुरं झालेलं मॉडेल स्पर्धेच्या टेबलावर ठेवायचं, आणि निकाल लागेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. एवढं जमलं तर ती खोली जन्मभर तुमची, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही जमलं, तर दुसऱ्या दिवशी माझं मशीन तिथे जाणार. आणि मी अजून एक घेणार आहे. इंटरलॉकचं."

भाऊजींच्या टाचा थांबल्या. हे फार क्वचित होतं.

"पुरं म्हणजे काय, ते कोण ठरवणार?"

"तुम्ही हात काढून घेतलात की पुरं. माझा कोट तसाच पुरा होतो."

"मान्य," भाऊजी म्हणाले. मग ताई माझ्याकडे वळली.

"तू यांच्याबरोबर जायचंस. आणि हात धरून ठेवायचेस."

भाऊजींनी निवडला बंब. जुन्या पद्धतीचा, लाल, पाठीवर लांब शिडी, बाजूला होजपाइपाची गुंडाळी आणि समोर पितळी घंटा. अग्निशामक दलाशी त्यांचं जुनं वैर आहे. लिफ्टमध्ये माणूस अडकला की हे लोक भाऊजींच्या आधी पोचतात आणि पहारीने दार वाकवतात. "दाराला काय झालं होतं?" असं भाऊजी प्रत्येक वेळी विचारतात. पण शिडीपुढे ते विरघळतात. "शिडी म्हणजे उघड्यावरची लिफ्टच आहे रे," ते मला म्हणाले, तेव्हा त्यांच्या आवाजात जरासा हेवा होता. घंटा त्यांनी बॉलपेनच्या पितळी टोकापासून केली. ती ताईनेसुद्धा वाकून दोनदा पाहिली आणि मग म्हणाली, "आता हात काढा."

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी, सभागृहाच्या दाराशी, मी ताईच्या हुकमाप्रमाणे भाऊजींची झडती घेतली. शर्टाच्या खिशातून एक ब्रश निघाला. पॅंटच्या खिशातून पॉलिश पेपर. मोज्यातून लाल रंगाची इवलीशी बाटली. "ही कशी आली कोण जाणे," भाऊजी म्हणाले. एक चष्म्याचा डबा होता, तो मात्र मी वयाचा मान राखून तसाच राहू दिला. भाऊजींना चष्मा नाही हे माझ्या लक्षात आलं ते दुपारी.

मी आयुष्यात पहिल्यांदाच अशा प्रदर्शनाला आलो होतो. आत टेबलांच्या रांगाच रांगा, त्यांवर पांढरी कापडं, आणि कापडांवर सगळं जग मुठीत मावेल एवढं करून मांडलेलं. विमानतळ, गोदी, पडकी घरं, धान्य उतरवणारे ट्रक. भोवताली मोठमोठी माणसं, बहुतेक पोटं सुटलेली, हात पाठीमागे घट्ट बांधून, वाकून वाकून बघत होती. हात पाठीमागे का, ते मला लवकरच कळलं. त्या सभागृहातला एकही माणूस स्वतःच्या हातांवर भरवसा ठेवायला तयार नव्हता.

बंब टेबलावर ठेवला. गटाची पाटी होती, 'सेवेची वाहने'. टेबल मोठं होतं आणि त्यावर आमच्याशिवाय काही नव्हतं.

"बाकीचे कुठे आहेत?" मी विचारलं.

"येतील. बंबवाले उशिराच येतात. प्रत्येकाला शेवटचा हात मारायचा असतो." आणि भाऊजींनी दाराकडे अशा धास्तीने पाहिलं, की आता शिड्या उभारून बंबांचा ताफाच आत शिरणार.

शेजारच्या टेबलावर एक शिडाचं जहाज होतं आणि त्याच्यामागे औषधांचं दुकान चालवणाऱ्या एक बाई. जहाजावर दोरांचं जाळं इतकं बारीक होतं की श्वास सोडायची भीती वाटावी.

"दोरा कुठला वापरलात?" भाऊजींनी विचारलं.

"केस. माझ्या मुलीचे."

"वा! दिले तिने?"

"झोपेत काही म्हणाली नाही," बाई म्हणाल्या.

या बाई आणि भाऊजी यांचं तिथल्या तिथे गूळपीठ जमलं. मी जरा निश्चिंत झालो, आणि तिथेच चुकलो.

परीक्षक दुपारी फेरीला निघाले. त्यांच्या कपाळाला पट्ट्याने बांधलेलं भिंग होतं, म्हणून सगळे त्यांना भिंगमास्तर म्हणत. एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात दातांचे डॉक्टर तोंडात घालतात तसला काडीला लावलेला छोटा आरसा. तो आरसा ते विमानांच्या पोटाखाली, गाड्यांच्या चाकांमागे, जहाजांच्या सुकाणूखाली सरकवत आणि "हं" म्हणत. त्या एका "हं"वर आसपासच्या माणसांचे रंग उडत.

भाऊजींनी तो आरसा पाहिला आणि त्यांच्या टाचा सुरू झाल्या.

"मेहुणेबुवा," ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ते खालून बघताहेत."

"बघू दे की. खालून पण लालच आहे."

"घंटा पोकळ आहे."

"घंटा पोकळच असते, भाऊजी."

"तसं नाही. आत लोलक नाहीये. घंटा आहे आणि वाजवायला आत काही नाही. त्यांनी आरसा धरला की दिसणार."

"एवढ्याशा घंटेत कोण बघतं?"

"मी बघितलं असतं," भाऊजी म्हणाले.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला चालणं म्हणत नाहीत. भाऊजी बंबापासून निघत, रणगाड्यांच्या रांगेपर्यंत जात, वळत, बंबाकडे येत, हात खिशात घालत, काढत, पाठीमागे बांधत, पुन्हा निघत. मी त्यांच्या मागे. लोकांना वाटलं आम्ही कसली तरी शर्यत लावली आहे. मी त्यांना कॉफी पाजली, ती त्यांनी उभ्याने प्यायली. मी त्यांना आगगाड्यांच्या देखाव्यापुढे नेलं. तिथे डोंगर, बोगदा, स्टेशनावर झोपलेला हमाल, सगळं होतं. भाऊजी हमालाकडे बघत म्हणाले, "याने हात पुरा केलाय." आणि परत बंबाकडे.

"ताईला काय सांगितलंय आठवतंय ना?" मी म्हटलं.

"आठवतंय रे बाबा! तेच तर आठवतंय मघापासून!"

भिंगमास्तर जहाजांपाशी पोचले होते. आमच्या टेबलाला आता फार वेळ नव्हता. आणि नेमकं त्याच वेळी कुणाची तरी पिशवी जहाजवाल्या बाईंच्या टेबलाला घासून गेली. टिचकीएवढा आवाजसुद्धा झाला नाही, पण बाईंचा चेहरा पांढराफटक पडला आणि त्या ओरडल्या,

"हलू नका!"

मी आजवर बरीच सभागृहं पाहिली आहेत. शोकसभेत दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं तरी माणसं खोकतात, पाय बदलतात. इथे सगळं सभागृह एका क्षणात स्वतःचंच मॉडेल होऊन बसलं. एकाच्या तोंडात सँडविच अर्धं आत, अर्धं बाहेर. ध्वनिक्षेपकावर बोलणारा गृहस्थ "सर्व स्पर्धकांना विनंती आहे की" इथे थांबला, आणि विनंती हवेत लोंबकळत राहिली. भिंगमास्तर वाकलेले ते वाकलेलेच. मला बाबांचा कप आठवला. आमच्या घरी ज्याला वेड म्हणत होते, ती इथली रीत होती.

"काय आहे?" कुणीतरी हलक्या आवाजात विचारलं.

"नांगर. डावा."

त्यासरशी, कुणी काही न सांगता, सगळी माणसं जागच्या जागी खाली बसली. पोटं सांभाळत, गुडघे कटकट वाजवत, शंभरेक माणसं रांगायला लागली. खिशांतून बॅटऱ्या निघाल्या. भिंगमास्तर सगळ्यांच्या पुढे होते. त्यांच्याकडे भिंग होतं. मीसुद्धा टेबलाखाली शिरलो. इतक्या वर्षांच्या सवयीने गुडघे आपोआप वाकले.

टेबलाखालून मी पाहिलं. सगळीकडे हात, गुडघे आणि उजेडाचे गोळे. आणि त्या सबंध सभागृहात जमिनीवर उभी असलेली बुटांची एकच जोडी. ती मी ओळखत होतो. लग्नाआधीपासून ओळखत होतो.

बुटांच्या टाचा हळूच वर उचलल्या गेल्या. माणूस टेबलावर वाकला की उचलल्या जातात तशा.

"भाऊजी!" मी खालून कुजबुजलो. "चष्म्याच्या डब्यात काय आहे?"

 टाचा थोडा वेळ तशाच वर राहिल्या, मग सावकाश टेकल्या. आणि टेकल्या त्या टेकल्याच. हलेनात. थरथरेनात. मी घाबरलो तो त्यामुळे. भाऊजींच्या टाचा एवढ्या स्थिर मी त्यांच्या लग्नातही पाहिल्या नव्हत्या.

तेवढ्यात नांगर सापडला. बाईंच्याच बाहीला अडकला होता. सगळे उठले, गुडघे झटकले, टाळ्या झाल्या, सँडविच पुरं झालं, विनंती पुरी झाली. मी बाहेर आलो. भाऊजी बंबाशेजारी उभे होते, चेहऱ्यावर एक फार सभ्य हसू, आणि उजव्या हाताचं पहिलं बोट बंबाच्या घंटेवर.

"भाऊजी, बोट काढा."

"निघत नाही."

"म्हणजे?"

"लोलक बसला, फार छान बसला. सुपरग्लू थोडा जास्त आला." त्यांनी हसू न मोडता सांगितलं. "तू माझ्यापुढे उभा राहा आणि मी काहीतरी समजावून सांगतोय असं कर."

मी उभा राहिलो. लोक येत होते. भाऊजी प्रत्येकाला म्हणत, "ही घंटा." लोक मान डोलावत. एक आजोबा बराच वेळ थांबले, पुढे काहीतरी येईल म्हणून. "ही घंटा," भाऊजी पुन्हा म्हणाले. आजोबा गेले.

पण ती जमात अडाणी नव्हती. जहाजवाल्या बाईंनी बोटाकडे एकदा पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. कळल्यावर त्यांनी शेजारच्याला सांगितलं, त्याने त्याच्या शेजारच्याला, आणि आमच्याभोवती वैद्यांचं मंडळ जमलं.

"ॲसिटोन लावा."

"रंग जाईल सगळा!"

"झटक्यात ओढा."

"घंटा निघून येईल ना हो!"

"मग कातडी कापा जराशी," असं म्हणून एकाने ब्लेड काढलं. तो रणगाडेवाला होता.

"कातडीचं काही नाही हो," भाऊजी कळवळून म्हणाले, "पण घंटा वाकडी होईल."

गर्दी फाकली आणि भिंगमास्तर समोर आले. त्यांनी बोटाकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं, भिंग वर केलं, पुन्हा खाली केलं.

"मांडलेल्या मॉडेलला हात लावायचा नाही, हा नियम माहीत आहे ना?"

"मी लावत नाहीये. लागलाय."

भिंगमास्तरांच्या मिशीचं एक टोक हललं. तेसुद्धा कधीतरी कशाला तरी चिकटलेले असणार. "हे पाहा," ते म्हणाले, "मी आधी ते पलीकडचं टेबल बघतो. परत येईन तेव्हा या बंबाला कुणाचा हात लागलेला मला दिसता कामा नये. मग मी काही पाहिलंच नाही."

मी बाहेर धावलो आणि ताईला फोन केला. निकाल ऐकायला ती निघालीच होती. पाच मिनिटांत दारातून आत आली, खांद्याला कामाची पिशवी, केसात एक विसरलेली टाचणी. मी तिला एका दमात सगळं सांगितलं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी हे कुणाला सांगतोय. तिने नुसतं कुठे हळू चालायचं, गर्दीत वाट चुकायची, की खोली तिची होती. बोट तसंच राहिलं असतं आणि तिला एक शब्द बोलावा लागला नसता.

ताई तरातरा टेबलापाशी गेली. "दाखवा," म्हणाली.

"रागावू नकोस," भाऊजी म्हणाले.

"हलू नका," ताई म्हणाली.

तिने पिशवीतून रेशमी दोरा काढला, जहाजवाल्या बाईंकडून साबणाचं कोमट पाणी मागवलं, दोरा त्यात भिजवला आणि बोट आणि घंटा यांच्या मधल्या फटीत घातला. मग दोन्ही टोकं धरून पुढे-मागे, पुढे-मागे, कोटाची शिवण उसवताना करते तसं. कापडाला इजा न करता टाका सोडवायचा, हा तिचा रोजचा धंदा. भोवतालची पोटं श्वास रोखून उभी होती. पलीकडच्या टेबलावरून "हं" ऐकू आलं, मग जवळून एक "हं", आणि ताईच्या कपाळावर घाम आला तो मी माझ्या रुमालाने टिपला, कारण भाऊजींचा रुमाल काढायची माझी हिंमत नव्हती.

दोरा पार झाला. बोट सुटलं. घंटा जागच्या जागी, ताठ, आणि आत लोलक.

"आता हात मागे," ताई म्हणाली. भाऊजींनी हात पाठीमागे बांधले. मी एक मनगट धरलं. ताईने दुसरं धरलं. भिंगमास्तर आले. त्यांनी बॅटरी लावली, शिडी पाहिली, पाइप पाहिला, चाकं पाहिली. मग आरसा घंटेखाली सरकवला आणि सावकाश फिरवला. मी आरशात पाहिलं. पितळेच्या त्या इवल्याशा पोकळीत एक कण लोंबत होता.

"हं," भिंगमास्तर म्हणाले. आणि ते "हं" वेगळं होतं. रुंद, गोड, पोट भरल्यावर येतं तसलं. भाऊजींचे डोळे भरून आले. ताईचेही आले असावेत, कारण तिने पदर लावायला हात सोडला. भाऊजींनी मला शाबासकी द्यायला माझ्याकडे मान वळवली, मीही हसलो, माझीही पकड ढिली झाली.

"अरे," भाऊजी म्हणाले.

घंटेच्या डोक्यावर त्यांच्याच बोटाच्या कातडीचा एक पापुद्रा चिकटून राहिला होता. तिळाएवढासुद्धा नसेल. मला तो त्यांनी दाखवल्यावर दिसला. दाखवल्यावर म्हणजे, त्यांनी हात पुढे करून, भिंगमास्तरांच्या भिंगासमोरच, नखाने तो अलगद उडवला तेव्हा.

 भिंगमास्तरांनी बॅटरी विझवली. त्यांना फार वाईट वाटलं हे दिसत होतं. त्यांनी बंबाची स्पर्धेची चिठ्ठी उचलली, उलटी करून ठेवली, म्हणजे बंब बाद, आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

भाऊजी आपल्या नखाकडे बघत उभे होते. टाचा पुन्हा सुरू झाल्या होत्या.

"आता बरोबर दिसतंय," ते म्हणाले. मग ताईकडे न बघता म्हणाले, "मशीन खिडकीपाशी लाव. डावीकडून उजेड येतो तिथे."

"मी जागा कधीच ठरवलीय," ताई म्हणाली, आणि पिशवीतून कापसाचा बोळा काढून त्यांच्या बोटाला लावला.

दुसऱ्या दिवशी मशीन मागल्या खोलीत गेलं, महिन्याभराने इंटरलॉकचंही आलं. मॉडेलं खोक्यांतून पलंगाखाली गेली. बंब फ्रिजवर असतो. घंटा मात्र त्याच्यावर नाही, ती थोडी वाकडी वाटते म्हणून भाऊजींनी काढली आहे.

'सेवेची वाहने' या गटात त्या वर्षी दुसरं कुणी आलंच नाही. पहिलं बक्षीस कुणालाच दिलं गेलं नाही.